लायटर सॉकेटमधलं रेडिओ स्टेशन

नाशिकच्या द्वारका चौकातल्या कोंडीत गाडी अडकली आहे. फोनमधली लावणी गाडीच्या टेपवर छान वाजते आहे आणि अचानक तिच्या जागी कुणाचं तरी प्रवचन सुरू होतं. तुम्ही फोन बघता, तर तिथे लावणीच चालू. सिग्नल सुटतो, शेजारची गाडी नाशिकरोडकडे वळते, प्रवचन जातं आणि लावणी परत येते, मधलं एक कडवं गिळून.

हा प्रकार ज्यांच्याकडे घडतो त्यांच्या गाडीत बहुतेक वेळा एक वस्तू हमखास असते: सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये खोचलेला एफएम ट्रान्समीटर. एम.जी. रोडवरच्या मोबाइलच्या दुकानांत तो पाचशे-हजार रुपयांत मिळतो. दुकानदार त्याला कधी ‘मॉड्युलेटर’ म्हणतात, कधी नुसतं ‘ब्लूटूथ चार्जर’. दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या ज्या गाड्यांत रेडिओ आहे पण ब्लूटूथ नाही, फोन वायरने थेट जोडायचं ऑक्सचं भोकही नाही, त्यांच्या मालकांसाठी हा सगळ्यात स्वस्त इलाज. खोचला की वाजतो, म्हणून तो कसा वाजतो हे कुणी विचारत नाही. प्रश्न पडायला लागतात ते वाजेनासा झाल्यावर. शहरात खरखर का? कसाऱ्यापर्यंत स्वच्छ आणि भिवंडीला गोंधळ का? आणि शेजाऱ्याचं प्रवचन आपल्या टेपवर आलंच कसं?

बहुतेकांचा समज असा की हा ट्रान्समीटर रेडिओच्या अगदी जवळ असतो, म्हणून तो लांबच्या मोठ्या स्टेशनांवर सहज मात करतो. तो मात वगैरे करत नाही. तो रिकाम्या जागेत बसतो आणि जागा रिकामी आहे तोवरच त्याचं चालतं. एवढं नीट कळलं तर वरचे तिन्ही प्रश्न सुटतात.

रेडिओला काय कळतं आणि काय नाही

गाडीच्या रेडिओला फोन, पेन ड्राइव्ह, ब्लूटूथ यातलं काही कळत नाही. त्याला एकच काम येतं: अँटेनावर येऊन आदळणाऱ्या असंख्य लहरींतून आपण सांगितलेली एक उचलायची आणि तिच्यातला आवाज बाहेर काढायचा. ती लहर आकाशवाणीच्या मनोऱ्यावरून आली की गिअरच्या दांड्याजवळून, हे ओळखायची त्याच्याकडे काही सोय नसते. ट्रान्समीटर याचाच फायदा घेतो. तो फोनकडून ब्लूटूथवर गाणं घेतो आणि रेडिओला समजेल अशा रूपात ते पुन्हा हवेत सोडतो. म्हणजे तुमच्या गाडीत एक खरंखुरं रेडिओ स्टेशन चालू असतं. मालक तुम्ही, निवेदक तुम्ही, श्रोतेही तुम्हीच.

स्टेशनाचा पत्ता म्हणजे त्याची फ्रिक्वेन्सी, लहर सेकंदाला किती वेळा कंप पावते तो आकडा. दहा लाख कंपनं म्हणजे एक मेगाहर्ट्झ. नाशिक आकाशवाणी १०१.४ वर लागते, म्हणजे तिची लहर सेकंदाला दहा कोटी चौदा लाख वेळा कंप पावते. आपल्याकडे एफएम प्रसारणासाठी ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ हा पट्टा आहे. गाडीतले रेडिओ साधारण ८७.५ पासून पुढे पकडतात. ट्रान्समीटरलाही याच पट्ट्यात कुठेतरी बसावं लागतं, कारण गाडीचा रेडिओ बाकी कुठे बघतच नाही.

आवाज लहरीवर चढतो कसा

समजा ट्रान्समीटर ९५.० वर लावला. गाणं बंद असताना तो सेकंदाला बरोबर साडेनऊ कोटी कंपनांची एकसुरी लहर सोडत राहतो. त्या वेळी रेडिओवर खरखर थांबते आणि शांतता ऐकू येते: स्टेशन आहे, पण बोलत नाही. गाणं सुरू झालं की फ्रिक्वेन्सी साडेनऊ कोटींच्या अलीकडे-पलीकडे सरकू लागते. आवाज मोठा असेल तर जास्त सरकते, बारीक असेल तर थोडीच. सूर वरचा असेल तर ही ये-जा झपाझप होते, खर्जातला असेल तर सावकाश. प्रसारणाच्या प्रचलित मापाप्रमाणे तिने दोन्ही बाजूंना ७५ हजारांपेक्षा जास्त सरकायचं नाही. म्हणजे ९ कोटी ४९ लाख २५ हजार ते ९ कोटी ५० लाख ७५ हजार एवढ्या अंगणात सगळी लावणी. रेडिओ ही ये-जा मोजतो, तिचाच पुन्हा आवाज करतो आणि स्पीकरला देतो. या पद्धतीला फ्रिक्वेन्सी मॉड्युलेशन म्हणतात. एफएम ही त्याचीच आद्याक्षरं.

ही पद्धत अमेरिकन इंजिनिअर एडविन आर्मस्ट्राँग यांनी वापरण्याजोगी केली. त्यांना तिची पेटंटं १९३३ मध्ये मिळाली. त्याआधीच्या रेडिओत, आपल्या जुन्या मीडियम वेव्हमध्ये, आवाज लहरीच्या उंचीत भरलेला असतो. वीज चमकली, स्विच दाबला, स्पार्क प्लग उडाला की त्या ठिणगीने लहरीची उंची बिघडते आणि कडकड ऐकू येते. एफएम रेडिओ उंचीकडे बघतच नाही. तो लहरीचा माथा छाटून सपाट करतो आणि फक्त फ्रिक्वेन्सीची ये-जा बघतो. चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन महामार्गाच्या वेगाला मिनिटाला पाच-सहा हजार ठिणग्या पाडतं. त्याच्यापासून हातभरावर बसून गाणं स्वच्छ ऐकू येतं ते आर्मस्ट्राँग यांच्या कृपेने.

यातून निघणारी एक गोष्ट आताच लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे: एफएममध्ये आवाजाचा मोठेपणा म्हणजे फ्रिक्वेन्सी किती सरकली ते. ट्रान्समीटरची ताकद वाढवून गाणं मोठं होत नाही.

त्या डबीत असतं काय

गाडीच्या बॅटरीचे बारा व्होल्ट आधी पाचावर आणले जातात. त्या पाचावरच फोन चार्ज होतो आणि आतल्या चिप चालतात. एक चिप ब्लूटूथवरून गाणं घेते, दुसरी त्याची एफएम लहर बनवते. जुन्या हौशी किटमधल्या ट्रान्समीटरची फ्रिक्वेन्सी उन्हाने किंवा नुसता हात जवळ नेल्यानेही सरकायची. आजच्या चिपमध्ये ती क्वार्ट्झच्या स्फटिकाशी बांधलेली असते. एप्रिलच्या दुपारी काच बंद करून उभ्या केलेल्या गाडीतही ९५.० हे ९५.० च राहतं.

राहिली अँटेना. ९५ मेगाहर्ट्झची एक लहर सुमारे ३.१६ मीटर लांब असते. ती नीट बाहेर फेकायची तर तिच्या पाव लांबीची, म्हणजे ७९ सेंटिमीटरची तार हवी. डबीच्या आत मावते ती बोटभर. एवढ्याशा तारेतून लहर जेमतेमच बाहेर पडते, आणि ती तशीच पडावी अशी नियमांचीही अपेक्षा असते.

जेमतेम म्हणजे किती?

युरोपात अशा ट्रान्समीटरला ५० नॅनोवॉटची मर्यादा आहे. एका वॉटचे दोन कोटी भाग केले तर त्यातला एक भाग. घरातला ९ वॉटचा एलईडी दिवा जेवढी वीज घेतो तेवढ्या शक्तीची लहर सोडायला असे १८ कोटी ट्रान्समीटर लागतील. अमेरिकेत मोजायची रीत वेगळी आहे (उपकरणापासून तीन मीटरवर लहर २५० मायक्रोव्होल्ट प्रति मीटरपेक्षा जोरकस नको), पण ती मर्यादा युरोपापेक्षाही कडकच पडते.

आता समोर खरं स्टेशन ठेवू. नाशिकमध्ये ९०.८ वर सामुदायिक रेडिओ लागतो. सामुदायिक रेडिओ म्हणजे मोठ्या व्यावसायिक स्टेशनांच्या मानाने धाकटं भावंड; सरकार त्याला साधारणपणे १०० वॉटपर्यंतच प्रभावी शक्तीची परवानगी देतं. तरीही आपल्या डबीपेक्षा तो दोनशे कोटी पट दांडगा.

इथेच जवळ असण्याचा मुद्दा पुढे येतो. पलीकडच्या गल्लीत नाशिक ढोल वाजत असला तरी कानाशी कुणी कुजबुजलं तर ऐकू येतंच की! खरं आहे, पण हिशोब करून बघू. अंतर दुप्पट झालं की लहरीचा जोर निम्मा होतो. शक्ती वाढली की लहरीचा जोर मात्र तिच्या वर्गमुळानेच वाढतो: शक्ती शंभर पट केली तर जोर दहाच पट वाढतो. दोनशे कोटींचं वर्गमूळ सुमारे ४५ हजार. म्हणजे मोकळ्या सपाट जागेचा कागदावरचा हिशोब असा निघतो की १०० वॉटचं स्टेशन ४५ हजार मीटरवर, ४५ किलोमीटर दूर असलं तरी अँटेनापासून एक मीटरवरच्या आपल्या डबीच्या तोडीस तोड असतं. ते शहरातच पाच-सात किलोमीटरवर असेल तर त्याचा जोर डबीच्या सहा ते नऊ पट. ढोल कुजबुजीला गिळून टाकतो.

प्रत्यक्षात मध्ये इमारती येतात, टेकड्या येतात, पृथ्वीची गोलाई येते, त्यामुळे लांबचं स्टेशन कागदापेक्षा बरंच अशक्त पोचतं. पण आपल्या डबीचंही काही खरं नसतं. ती पत्र्याच्या आत डॅशबोर्डच्या खोबणीत दडलेली, आणि गाडीची अँटेना टपावर. तीन मीटरची लहर खिडक्यांच्या काचांतून कशीबशी बाहेर पडून वर पोचते. काही गाड्यांत अँटेना मागच्या काचेवर छापलेल्या बारीक तारांची असते. तिथे मागच्या सीटजवळ सॉकेट असेल तर डबी तिकडे लावून बघण्यात अर्थ आहे.

मग प्रवचन आलं कुठून?

ढोलाची तुलना इथे तुटते, आणि ती नेमकी कुठे तुटते त्यातच उत्तर आहे. कानाला ढोल आणि कुजबुज दोन्ही एकाच वेळी ऐकू येतात, एक मोठा आणि एक बारीक. एफएम रेडिओचं तसं नाही. एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन लहरी आल्या आणि त्यातली एक थोडीशी जरी वरचढ असली, तरी रेडिओ तीच धरतो आणि दुसरी जवळजवळ पूर्ण दाबतो. दोन्ही अगदी सारख्या जोराच्या असतील तेव्हाच तुटक, किरकिरं कालवण ऐकू येतं. इंजिनिअर याला कॅप्चर इफेक्ट म्हणतात.

द्वारकेला नेमकं हेच होतं. बरेच ट्रान्समीटर कारखान्यातून पट्ट्याच्या अगदी खालच्या टोकाला लावून येतात आणि मालक ते आकडे कधी हलवत नाही. तुमचं ८७.५, शेजारच्याचंही ८७.५. गाड्या चालत्या असताना अंतर असतं, तेव्हा कुणाचं कुणाला कळत नाही. सिग्नलला मात्र दोन गाड्यांत हातभराचं अंतर उरतं. शेजाऱ्याची डबी जरा जोरकस असली किंवा त्याचं सॉकेट तुमच्या बाजूच्या काचेजवळ असलं की पारडं झुकतं, आणि या स्वभावामुळे ते एकदम झुकतं. लावणी हळूहळू पुसट होत नाही, जागच्या जागी बदलते. पारडं उलट झुकलं तर तिकडे त्याच्या घरची मंडळी लावणी ऐकतील, निदान थोडा वेळ. (कुणाच्या गाडीत ती जास्त शोभली असती हा वेगळा प्रश्न.)

उपाय सोपा. कारखान्याचा आकडा बदला. शेजाऱ्यापासून ०.४ मेगाहर्ट्झ दूर गेलात तरी भांडण मिटतं.

कसाऱ्यापर्यंत ठीक, भिवंडीला गोंधळ

एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. क्षितिजापलीकडे त्या फारशा पोचत नाहीत आणि मोठा डोंगर मध्ये आला तर मागे सावली पडते. म्हणूनच एकच फ्रिक्वेन्सी वेगवेगळ्या शहरांना देता येते: ९८.३ नाशिकमध्ये आहे, मुंबईत आहे, पुण्यातही आहे, आणि तिन्ही सुखाने नांदतात.

नाशिकहून निघताना तुम्ही शहरातली स्टेशनं टाळून, ९०.८, ९३.५, ९८.३, १०१.४ यांच्यापासून लांब, एक रिकामा आकडा निवडलेला असतो. घोटी-इगतपुरीकडे नाशिकची स्टेशनं क्षीण होत जातात आणि घाटात दोन्हीकडच्या डोंगरांमुळे पट्टा आणखी रिकामा होतो. तिथे ही डबी अक्षरशः राजा असते, कारण स्पर्धाच नाही. कसारा उतरून शहापूरच्या पुढे गेलात की समोर मुंबईची मोकळी बाजू येते आणि तिथली स्टेशनं एकामागून एक वर येऊ लागतात: ९१.१, ९३.५, ९८.३, १००.७, १०७.१, शिवाय मधली अनेक. नाशिकला रिकामी असलेली तुमची जागा तिथे कुणीतरी आधीच घेतलेली असते, आणि समोर हजारो वॉट असताना डबीचं काय चालणार? डबी बिघडलेली नसते. गाव बदललेलं असतं.

उंचीवर याच्या उलट गंमत होते. भोवतालच्या सपाटीपासून ५०० मीटर वर गेलात तर क्षितिज सुमारे ८० किलोमीटरवर सरकतं. रेडिओच्या लहरी किंचित वाकतात, त्यांना त्याहूनही थोडं पलीकडचं दिसतं. वणीच्या गडावर जाताना पायथ्याशी स्वच्छ असलेला आकडा वर पोचल्यावर कुठल्यातरी लांबच्या स्टेशनाने बळकावलेला आढळला तर कारण हेच.

रिकामी जागा शोधायची रीत

इथे बहुतेक जण उलटं काम करतात: आधी डबीवर आकडा लावतात, मग रेडिओवर. आधी डबी काढून ठेवा. रेडिओचं आपोआप स्टेशन शोधणारं बटण वापरू नका, ते भरलेल्या जागांवर थांबतं आणि आपल्याला रिकामी हवी आहे. हाताने एकेक पायरी पुढे सरका. जिथे नुसती एकसारखी सळसळ आहे, मागे पुसटसाही माणसाचा आवाज किंवा ठेका नाही, तिथे थांबा. मग एक-दोन पायऱ्या अलीकडे आणि पलीकडेही ऐका. स्टेशन एका बिंदूवर बसत नाही, त्याला सुमारे ०.२ मेगाहर्ट्झ रुंदीची जागा लागते; त्यामुळे शेजारी जोरकस स्टेशन असेल तर त्याचा धक्का तुमच्या जागेला बसणारच. दोन्ही बाजू शांत असलेला आकडा मिळाला की डबी खोचा आणि तिच्यावर तोच लावा.

हे काम पार्किंगमध्ये नाही, रस्त्यावर मोकळ्या जागी करा. सोसायटीच्या तळघरात सगळाच पट्टा रिकामा वाटतो. नेहमी मुंबई-पुण्याला जात असाल तर तिथला एक रिकामा आकडा शोधून रेडिओच्या वेगळ्या बटणावर साठवून ठेवा. मग डबीवरचा आकडा बदलायचा आणि ते बटण दाबायचं, एवढंच. गाडी चालवताना हे करू नका हे सांगायची गरज पडू नये, पण भिवंडी बायपासवर एक हात स्टिअरिंगवर आणि दुसरा डबीवर असलेले महाभाग दिसतात.

रेडिओच्या सेटिंगमध्ये ‘एएफ’ असं काही असेल तर ते बंद करा. सिग्नल अशक्त वाटला की तेच कार्यक्रम देणारी दुसरी फ्रिक्वेन्सी शोधत जाण्याची ती सोय आहे. आपल्या गरीब स्टेशनाची दुसरी शाखा कुठेही नाही. आणि गर्दीच्या शहरात काहीच जमेना तर टपावरची आखूड अँटेना, फिरवून निघणारी असेल तर, काढून बघा. बाहेरची स्टेशनं पडतात, डबीची लहर मात्र आतल्या वायरीतून थोडीफार पोचत राहते. प्रत्येक गाडीत हे चालत नाही, पण फुकटात करून बघता येतं.

“जागा रिकामी आहे, तरी आवाज मागे सळसळतोच”

मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट आता काढा. गाण्याचा मोठेपणा म्हणजे फ्रिक्वेन्सीचं सरकणं. फोनचा आवाज तुम्ही निम्म्यावर ठेवला असेल तर फ्रिक्वेन्सी थोडीच सरकते, रेडिओला गाणं बारीक मिळतं, मग तुम्ही टेपचा आवाज वाढवता आणि गाण्याबरोबर सळसळही वाढते. उलट करा. फोन आणि डबीचा आवाज बराच वर न्या, साधारण ऐंशी टक्क्यांपर्यंत, आणि टेपचा खाली ठेवा. पूर्ण शंभरावर मात्र नको. फ्रिक्वेन्सी ठरलेल्या अंगणाबाहेर सरकली की तबला फाटल्यासारखा वाजतो.

दुसरं कारण स्टिरिओ. डावा-उजवा आवाज वेगळा पाठवायचा तर एफएमला त्यांच्यातला फरक वरच्या मजल्यावर, ३८ हजार कंपनांच्या आसपास ठेवावा लागतो, आणि तिथे खरखरही जास्त असते. सिग्नल दांडगा असेल तर हे जाणवत नाही. आपल्यासारखा अशक्त असेल तर स्टिरिओत सळसळ चांगलीच वाढते. काही डब्यांवर आणि काही टेपवर मोनोची सोय असते, लावून बघा. डावं-उजवं जातं, शांतता येते. चालत्या गाडीत, खिडकीबाहेर ट्रकचे हॉर्न असताना, मला तरी हा सौदा फायद्याचा वाटतो.

शिट्टीसारखा बारीक आवाज येत असेल आणि ॲक्सिलरेटर दाबला की तो वर चढत असेल, तर त्याचा लहरींशी संबंध नाही. तो अल्टरनेटरचा, वीजपुरवठ्यातून डबीत शिरलेला. असा आवाज त्याच सॉकेटवरून फोन चार्ज करताना आणि डबीला ऑक्सची वायरही जोडलेली असताना जास्त येतो. एक वायर काढून बघा. तरी राहिला तर डबीतला बारा-पाचाचा भाग हलका आहे, दुसरी घ्या.

आणि एवढं करूनही ती सीडीसारखी वाजणार नाही. एफएम प्रसारणात आवाजाची वरची मर्यादाच १५ हजार कंपनांची आहे, शिवाय ब्लूटूथवरून येताना गाणं आधीच एकदा दाबलेलं असतं.

फोनवरचं बोलणं बाहेर जातं का?

हो, जातं, आणि याचा विचार फार कमी लोक करतात. फोन आला की समोरच्याचा आवाज ब्लूटूथवरून डबीत येतो आणि डबी तो गाण्यासारखाच हवेत सोडते. ब्लूटूथच्या टप्प्याला कुलूप असतं, एफएमच्या टप्प्याला कसलंही कुलूप नसतं. कुठलाही रेडिओ ते ऐकू शकतो. तुमचं स्वतःचं बोलणं डबीच्या माइकमधून थेट फोनकडे जातं, ते एफएमवर येत नाही. त्यामुळे सिग्नलला शेजारच्या गाडीत फक्त पलीकडच्या माणसाचे शब्द ऐकू येतात: बँकेतून आलेला फोन, डॉक्टरांनी सांगितलेला रिपोर्ट, सासूबाईंचं मत. गाडीत असे फोन घ्यायचे असतील तर डबीवर फक्त गाणी ठेवा, फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये त्या जोडणीचं ‘कॉल’ बंद करता येतं.

किरणांची भीती?

यावर फार शब्द घालवण्यासारखं नाही. ५० नॅनोवॉटच्या मानाने फोनमधल्या नेहमीच्या ब्लूटूथची अडीच मिलिवॉट शक्ती पन्नास हजार पट आहे, आणि फोनची टॉवरशी बोलणारी लहर त्याहून कितीतरी जास्त. घाबरायचंच असेल तर डबी यादीत बरीच खाली येते.

“वायर लावून ताकद वाढवली तर?”

हा सल्ला मोबाइलवरच्या व्हिडिओंतून सर्रास मिळतो: डबी उघडा, अँटेनाच्या जागी हातभर तार जोडा, अख्ख्या गल्लीत ऐकू येईल. ऐकू येईलही. फक्त ती मग गाडीची वस्तू राहत नाही, विनापरवाना स्टेशन होतं.

हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट म्हटलं. कायदा त्याहून जुना: बिनतारी यंत्र परवान्याशिवाय बाळगण्यावर बंधन घालणारा कायदा १९३३ चा, आर्मस्ट्राँग यांच्या पेटंटांच्याच वर्षीचा. तो आणि १८८५ चा टेलिग्राफ कायदा यांच्या जागी २०२३ चा दूरसंचार कायदा आला, पण विनापरवाना प्रसारण गुन्हा आहे हे कायम राहिलं. बिहारमधल्या मनसूरपूर गावात रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका तरुणाने किरकोळ पैशांत ट्रान्समीटर बनवून स्टेशन चालवलं होतं. लोकांना ते प्रिय होतं, तरी परवाना नाही म्हणून २००६ मध्ये ते बंद करण्यात आलं. ब्रिटनमध्ये तर गाडीतली साधी डबी वापरणंसुद्धा डिसेंबर २००६ पर्यंत बेकायदा होतं. नंतर ५० नॅनोवॉटच्या अटीवर मोकळीक मिळाली. म्हणजे सूट मिळते ती दुबळेपणाला. आपल्याकडे बिनतारी वस्तूला दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेची मान्यता लागते. ती आहे का, हे दुकानदाराला विचारा. तो हसेल, पण विचारा.

नियम एवढे कडक का, याचं एक कारण आपल्या ओझर विमानतळासारख्या जागी आहे. एफएमचा पट्टा १०८ ला संपतो आणि तिथूनच, मध्ये रिकामी जागा न सोडता, विमानांना दिशा दाखवणाऱ्या यंत्रणांचा पट्टा सुरू होतो. त्याच्या पुढे वैमानिकांच्या बोलण्याचा. स्वस्त डबी जोर वाढवल्यावर फक्त आपल्याच आकड्यावर राहत नाही, आजूबाजूलाही सांडते. नॅनोवॉटमध्ये ते सांडणं कुणाच्या गावी नसतं, वॉटमध्ये असतं.

त्यापेक्षा टेपच बदलला तर?

कुठल्या गाडीत आणि कुठल्या रस्त्यावर, त्यावर अवलंबून. टेपला ऑक्सचं भोक असेल तर ट्रान्समीटर घेऊच नका. साधी वायर त्याच्यापेक्षा स्वच्छ वाजते. कॅसेटची गाडी असेल तर वायर लटकणारा कॅसेट अडॅप्टर मिळतो का बघा, त्याचा हवेशी संबंधच नाही. यातलं काही नसेल आणि गाडी बहुतेक सिडको ते सातपूर, फार तर त्र्यंबकपर्यंत फिरत असेल, तर डबी पुरते. एकदा नीट आकडा शोधला की महिनोन् महिने हलवावा लागत नाही. फक्त गाडी बंद केल्यावरही सॉकेटमध्ये वीज राहते का ते बघा. राहत असेल तर रात्री डबी उपसून ठेवा, नाहीतर आठ-पंधरा दिवस उभ्या गाडीची बॅटरी तेवढ्यानेही उतरू शकते.

दर आठवड्याला मुंबई गाठणाऱ्याने मात्र ऑटो इलेक्ट्रिशियनकडे वायरवाल्या मॉड्युलेटरची चौकशी करावी. तो टेपच्या मागे, अँटेनाच्या वायरीतच बसतो. गाणं लावलं की तो बाहेरची अँटेना तोडतो आणि आपली लहर सरळ वायरीतून टेपला देतो, हवेत सोडतच नाही. मग भिवंडीला कितीही स्टेशनं असोत, टेपला ती दिसतच नाहीत. बसवायची मजुरी धरली तरी तो ब्लूटूथवाल्या नव्या टेपपेक्षा स्वस्त पडतो. तरीही टेपचे स्पीकर फाटलेले, बटणं झिजलेली असतील, तर त्याच मजुरीत थोडी भर घालून टेपच बदलून घ्यावा.